औषधाच्या खोलीतून सोप्यात

१० फेब्रुवारी

सांगलीच्या हॉस्पिटलातला आयसीयू सोडून आज तासगावात रुजू झाले. दोन खोल्यांचं केंद्र. बाहेर पत्र्याखाली माझी स्कूटी, आत डॉक्टर संयोगिता मॅडम, एक कपाट आणि भिंतीवर तालुक्याचा नकाशा. काम असं की मोठ्या दवाखान्यांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलेल्या माणसांच्या घरी जायचं. दुखणं थांबवायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना शिकवायचं. शेवटपर्यंत.

"का सोडलंस?" असं जो तो विचारतो. आयसीयूत माणूस जाताना त्याचे लोक काचेच्या पलीकडं उभे असत. एवढंच कारण. लोकांना ते पुरत नाही. नणंद फोनवर म्हणाली, "म्हंजी मरायला टेकलेल्यांची नर्स की गं तू!" हसून फोन ठेवला, पण लागलं.

नवरा, मिलिंद, काहीच विचारत नाही. एसटीत दिवसभर तिकीट-तिकीट करून घसा बसतो म्हणे, म्हणून घरी गप्प. मी आले तेव्हा बंबात पाणी तापलेलं होतं, तेवढं बरं झालं.

१२ फेब्रुवारी

पहिलं घर. तासगावच्या थोडं पुढं, द्राक्षबागांमधली वस्ती. पेशंट पारूबाई, साठीच्या. स्तनाचा कॅन्सर, फुटून वर आलेला. मोठ्या दवाखान्यांच्या फेऱ्या संपल्यात. मुलगा विश्वजीत वाटेवरच भेटला. धिप्पाड गडी, पण नजर जमिनीवर.

मी घराकडं वळले तर म्हणाला, "घरात न्हाई. तिकडं."

तिकडं म्हणजे बागेच्या कडेची औषधाची खोली. द्राक्षावर फवारायच्या औषधांचे डबे, पंपाच्या नळ्या आणि मधोमध लोखंडी कॉट. औषधांचा उग्र दर्प आणि त्याच्यावर ताण करणारा दुसरा वास. तो कसला हे मला दारातच कळलं.

"तिनंच हट्ट केला हितं यायचा," विश्वजीत म्हणाला. सगळे असंच म्हणत असतील.

सून राजनंदिनी उंबऱ्याबाहेर नाकाला पदर लावून उभी. आत पाऊल टाकलं नाही.

पारूबाई मात्र मला बघून म्हणाल्या, "या बाय. खुर्ची न्हाई, डब्यावर बसा. रिकामा हाय." उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, उचलता येत नाही. तरी केसांना तेल, घट्ट घातलेली वेणी, अंगावर उन्हात वाळवलेलं कडक पातळ. अशा दुखण्यातही बाई स्वतःचं सगळं नीट ठेवते, याचं मला कौतुक वाटलं.

पट्टी सोडली. जखमेत किडे होते.

आयसीयूत सगळं बघितलंय असं मला वाटायचं. मी "आले हं" म्हणून बाहेर गेले आणि बांधाच्या पलीकडं ओकले. वळून बघते तर राजनंदिनी पाण्याचा तांब्या घेऊन मागं. तुला एवढ्यातच सोसेना, असंच तिचं तोंड म्हणत होतं. घरच्या माणसाला खोलीत टाकून स्वतः पदराआड राहणारीनं मला असलं तोंड दाखवावं, याचा राग आला. चूळ भरून आत गेले.

पारूबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? द्राक्षाला बी कीड पडती. फवारा की."

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

१५ फेब्रुवारी

रोज जाते. टर्पेंटाइनचा बोळा धरला की किडे वर येतात, ते चिमट्यानं काढायचे. मग मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचं आणि गोळ्या कुटून केलेली पूड वर भुरभुरवायची. वासावर तोच इलाज. गावात बोलतात की किडे पडणं म्हणजे पाप. पारूबाईंनाही ते ठाऊक आहे. आज त्या म्हणाल्या, "बेदाण्याच्या शेडवर बायांची मुकादम हुते मी. लय जणींना शिव्या घातल्या. त्येचंच आसंल."

"मावशी, शिव्या घालणाऱ्या मुकादमाला किडे पडायचे तर तासगावात मुकादम उरला नसता."

त्या हसल्या, आणि हसताना कळवळल्या. दुखणं भयंकर आहे. बोलताना मधेच थांबतात, ओठ चावतात, मग वाक्य पुढं नेतात. मॉर्फिन सुरू करायला हवं.

धुतलेल्या पट्ट्या रोज दोरीवर असतात, पांढऱ्याशुभ्र. मी गडबडीत विचारत नाही कोण धुतं ते. मजुरांपैकी कुणी बाई असेल.

१७ फेब्रुवारी

मॅडमना घेऊन गेले. विश्वजीत खोलीच्या दारात आडवा. "मॉर्फिन म्हंजी अफूच न्हवं का? आईला नशा लावू? गाव म्हणंल, पोरानं आईला गुंगीत घालून मारली."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नशा करणारा नशेसाठी घेतो. तुमची आई दुखतंय म्हणून घेणार. दुखण्यापुरतंच द्यायचं, थोड्यावरनं सुरू करायचं. त्या बोलतील, जेवतील, तुम्हाला ओळखतील."

"न्हाई," तो म्हणाला. "डॉक्टर, माफ करा. माझ्या हातनं हुयाचं न्हाई."

आतून आवाज आला. "इश्वा."

तो आत गेला. आम्ही मागून.

"दुखतंय कुणाला?"

"आई, पर..."

"कुणाला दुखतंय रं?"

"तुला."

"मग गोळी माझ्या हातावर ठीव. गावाला सांग, तिनंच मागून घितली."

त्यानं ठेवली. मला त्याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मग लक्षात आलं की माझा सगळा राग दाराबाहेर उभ्या असलेल्या पदराला आहे.

१९ फेब्रुवारी

पारूबाई रात्रभर झोपल्या. सकाळी मला बघून पहिल्यांदा म्हणाल्या ते असं, "बाय, पोट साफ न्हाई." मॉर्फिनचं हे व्हायचंच. पोट साफ व्हायचं औषध वाढवलं. आयसीयूत हे काम मी आयांना सांगायचे. इथं दोघी मिळून त्याच गोष्टीवर अर्धा तास बोललो आणि मला ते मोठं महत्त्वाचं बोलणं वाटलं.

२२ फेब्रुवारी

वडूजला गेलो. महिन्यातून एकदा मॅडम तिकडंही पेशंट बघतात, आणि माझं माहेर तिथलंच. आप्पासो नावाचे निवृत्त फौजी. फुप्फुसाचा कॅन्सर. धाप लागते म्हणून आडवं होता येत नाही. त्यांना पुढं टेबलावर उशी ठेवून वाकून बसायला शिकवलं, खिडकी उघडली, तोंडावर पंखा धरला. थोड्या वेळानं श्वास जाग्यावर आला. त्यांनी बसल्या बसल्या मला सॅल्यूट केला. मी काय करायचं ते सुचेना, म्हणून मीही केला. त्यांची बायको हसायला लागली आणि मग रडायला.

२५ फेब्रुवारी

आप्पासो गेले. फोन आला. एकदाच भेटले होते मी त्यांना. स्कूटी बाजूला घेऊन रडले.

हे काम मला जमणारं नाही. आयसीयूत निदान कुणीतरी उठून चालत घरी जायचं. इथं माझ्या हातचा एकही पेशंट बरा होणार नाही. एकही. नणंद म्हणते ते खरंच आहे.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते बसून गेले की आडवे?" मी म्हटलं, बायको सांगत होती, उशीवर डोकं टेकून खिडकीकडं बघत गेले. त्या "बरं" म्हणाल्या आणि उद्याची औषधं मोजायला लागल्या. मला त्यांचा राग आला.

२७ फेब्रुवारी

आज लिहायलाच बसले आल्याआल्या, हातपायही न धुता.

खोलीत गेले तर काहीतरी वेगळं. काय ते कळेना. पट्टी सोडताना कळलं. वास नाही! जखम आहे तशीच, मोठी. पण स्वच्छ, लाल. किडे नाहीत, पू नाही, वास नाही. मी नाक जवळ नेऊन बघितलं.

पारूबाई म्हणाल्या, "हुंगताय काय? मला तर सकाळीच कळलं. घरातनं वारं आलं आन् भाकरीचा वास आला. ज्वारीची, थोडी करपलेली. ह्या खोलीत आल्यापासनं मला भाकरीचा वास न्हवता आला."

मग त्यांनी अख्खी भाकरी मागून खाल्ली. राजनंदिनी ताट घेऊन आली, पण पुन्हा उंबऱ्यावरच थांबली, पदर नाकाला. आता वास नाही तरी! मी ताट हिसकावल्यासारखं घेतलं.

ती गेल्यावर पारूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "लय तापट हायसा," म्हणाल्या.

४ मार्च

काय आणि कसं लिहू?

केंद्राची मीटिंग होती म्हणून आज नेहमीपेक्षा लवकर गेले, नुकतं उजाडलं होतं. स्कूटी वाटेवरच लावली. खोलीचं दार उघडं. पारूबाई कॉटवर बसलेल्या आणि राजनंदिनी त्यांच्या मागं, तोंडात कंगवा धरून वेणी घालतेय. पदर कमरेला खोचलेला. पायाशी बादली, त्यात कालच्या पट्ट्या. जखमेवर नवी पट्टी माझ्याहून नीट बांधलेली.

मला बघून ती ताडकन उठली आणि पदर नाकाला लावला. मग तिलाच कळलं की आता उपयोग नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्यापासनं," पारूबाईच म्हणाल्या. "तुमी यायच्या आधीपासनं. किडं पडलं तवा बी हीच काढायची, काडीनं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. राजनंदिनी गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांची खिचडी तीच शिजवते. सासूला किडे पडल्याचं गावात फुटलं, तेव्हा बायका कुजबुजायला लागल्या की तिच्या हातचं पोरांना कसं द्यायचं. म्हणून पारूबाईंनीच उठून औषधाची खोली धरली. सुनेला शपथ घातली की लोकांपुढं नाकाला पदर लावायचा, आत यायचं नाही. विश्वजीतलाही सांगायचं नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. रोज उजाडायच्या आत येऊन ती सगळं करून जायची.

"सिस्टर, तुमी बी गावातल्या बायांस्नी सांगचाल आसं वाटलं," राजनंदिनी म्हणाली. "आन् तुमाला वकारी आली तवा मला लय वाईट वाटलं. मला बी पयल्या दिशी आलती. सांगावं म्हटलं, पर शपथ हुती."

तिचा तो तांब्या! मी खाली बसले, त्या रिकाम्या डब्यावर. "माझं चुकलं" म्हणाले. ती म्हणाली, "चा पिणार?"

५ मार्च

मॅडमशी बोलले. मॅडम म्हणाल्या, "हात उचलत नाही आणि वेणी एवढी घट्ट, मला पहिल्या भेटीतच शंका आली होती." मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "तुला दिसेल म्हटलं."

८ मार्च

मला पारूबाईंना घरात न्यायचंय. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी. पारूबाई ऐकत नाहीत. "माझं किती ऱ्हायलंय? तिची नोकरी अजून लय ऱ्हायलीय."

मी म्हटलं, अंगणवाडीत पोरांच्या आयांची बैठक असते. मी येऊन समजावून सांगते की हा आजार लागत नाही. पारूबाई मान हलवत राहिल्या. राजनंदिनी खाली बघून तांदूळ निवडत होती. तिनं निवडणं थांबवलं नाही, पण म्हणाली, "येऊ द्या त्यास्नी, आत्या."

११ मार्च

आज बैठक झाली. मी भाषण तयार करून गेले होते. पेशी म्हणजे काय, कॅन्सर का लागत नाही, वगैरे. बऱ्याच बाया आल्या होत्या. पोरं कडेला बसून गाणी म्हणत होती, चुलीवर खिचडी. मी बोलले. एक बाई म्हणाली, "ते समदं खरं, पर किडं पापाबिगर पडत न्हाईत."

"माशी पाप-पुण्य बघून बसत नाही," मी म्हटलं. "उघडी जखम दिसली की बसते. झाकली, धुतली की नाही बसत."

कुणाला पटलं, कुणाला नाही. कुजबुज सुरू झाली. माझं भाषण फसत चाललंय हे कळत होतं, तेवढ्यात राजनंदिनी चुलीपासून उठली. हात पदराला पुसले.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "माझ्या सासूची जखम मी धुते. रोज. पयल्यापासनं. ती खोलीत गेली ती माझ्या नोकरीपायी. मी नाकाला पदर लावत हुते ती तुमच्या भ्यानं. धुऊन झालं की साबणानं हात धुते आन् मग तुमच्या पोरांची खिचडी करते. इतकं दिस खाल्ली पोरांनी. एकाचं तरी पोट दुखलं का? आता काय करायचं ते ठरवा. मी काय लपवनार न्हाई आजपासनं."

पोरांचं गाणंसुद्धा थांबलं. एकीनं पोरगं उचललं आणि निघून गेली. दुसरी तिच्या मागं. मला वाटलं, संपलं. मीच तिची नोकरी घालवली.

मग मागून एक उंच, काळीसावळी म्हातारी उठली. शालूबाई. शेडवर पारूबाईंच्या हाताखाली काम करायची. नातू अंगणवाडीत आहे. ती सरळ चुलीपाशी गेली, एक ताटली उचलली, खिचडी वाढून घेतली आणि सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली. सगळी अंगणवाडी बघत होती.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "सासूनं शिकवलं न्हाई वाटतं. चल, तिलाच जाब इचारते."

आणि निघाली! मागून एक, मग दुसरी, मग सगळ्याच. मी स्कूटीवर पुढं पळाले.

पारूबाई कॉटवर बसलेल्या. एवढ्या बाया बघून त्या चादर गळ्यापर्यंत ओढायला लागल्या. शालूबाईनं ती खाली ओढली, शेजारी बसली, त्यांच्या सुजलेल्या हातावर हात ठेवला आणि नाक वर करून जोरात वास घेतला. "मुकादम, हितं तर निसता औषधाचा वास मारतोय. माणसात चला."

पारूबाई म्हणाल्या, "कवाधरनं वाट बघते तुझी, रांडं."

मग दोघी रडल्या. मी पण.

कॉट उचलायला चौघी लागल्या. विश्वजीत बागेतून धावत आला, काय झालं म्हणून. त्याला शालूबाईनं तिथंच, चार शब्दांत, शिव्यांसकट सगळं सांगितलं. तो बायकोकडं बघत उभा राहिला. "मला वाटत हुतं आई माझ्यावर रुसून गेली," एवढंच म्हणाला. मग त्यानं एका बाईला बाजूला करून कॉटची एक बाजू धरली, राजनंदिनीनं दुसरी, आणि पारूबाई कॉटवर बसल्या बसल्याच द्राक्षाच्या ओळींमधून सोप्यात गेल्या, देवाच्या पालखीसारख्या. तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पालखी न्हाई, तिरडीची परॅक्टिस." सगळ्या बाया तोंडावर हात ठेवून हसल्या.

आठवून अजून अंगावर काटा येतोय. मिलिंदला सगळं सांगितलं, न थांबता. त्यानं ताट बाजूला सारून ऐकलं. शेवटी म्हणाला, "आमच्या गाडीत आज एक बाई सांगत हुती तुझ्याबद्दल." काय सांगत होती ते विचारलं तर उठून हात धुवायला गेला. असा आहे तो.

१३ मार्च

पोरं घेऊन गेलेल्यांपैकी एक आज परत आली. दुसरी नाही आली. राजनंदिनी म्हणते, "येईल, न्हाई येईल. खिचडीला फोडणी तर घालायचीच."

२० मार्च

पारूबाईंचा सोपा आता चावडी झालाय. जाणारा-येणारा खिडकीतून बोलतो. मॉर्फिन थोडं वाढवावं लागलं. जेवण कमी झालंय, पाय बारीक झालेत. त्या खाली चालल्यात, हे मला आणि राजनंदिनीला दिसतं. आम्ही दोघी ते डोळ्यांनीच बोलतो.

आज पारूबाई म्हणाल्या, "नानासोच्या शेडवर माल वाळला आसंल. मला न्या."

विश्वजीत म्हणाला, गाडीत हादरे बसतील. मला भीती रक्तस्रावाची. जखम एका मोठ्या रक्तवाहिनीजवळ आहे. मी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "घरी राहिल्या तर रक्तस्राव होणार नाही, असं लिहून देशील?"

नाही देणार.

२३ मार्च

नेलं!

विश्वजीतनं पिकअपमध्ये गादी अंथरली, मी आणि राजनंदिनी दोन्ही बाजूंना. निघायच्या आधी मॉर्फिनची जास्तीची गोळी दिली. आभाळ जरा भरून आलं होतं. अवकाळी पाऊस पडला तर सगळ्यांचा माल जाईल म्हणून शेडवाले हवालदिल.

शेडमध्ये जाळ्यांवर हिरवा बेदाणा, थरावर थर. खाली बाया निवडायला बसलेल्या. मुकादम आली म्हणताच सगळ्या उभ्या राहिल्या. शेडमालक नानासोंनी स्वतःची खुर्ची आणली.

"बसा की गं! मी काय कलेक्टर हाय?" पारूबाई ओरडल्या. आवाज बारीक झालाय, पण ओरडणं तेच असणार, कारण बाया पटापट बसल्या.

मांडीवर परात ठेवली. डाव्या हातानं त्या निवडायला लागल्या. काडी बाजूला, काळा दाणा बाजूला. पहिल्यांदा बोटं अडखळली, मग लागली चालायला. मधेच एकीच्या परातीकडं बघून म्हणाल्या, "ह्यो काय कचरा ठेवलाय? डोळं घरी ठिवून आलीस?" ती बाई अशी खूश झाली की जणू बक्षीस मिळालं.

दुखत नव्हतं. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा चिडल्या. "कामात हाय मी."

मी जाळीला टेकून उभी होते आणि मनात आलं की आयसीयूत आम्ही आकडे बघून टाळ्या वाजवायचो, ऑक्सिजन इतका, बीपी इतकं. हे कुठल्या मशीनवर दिसलं असतं?

निघताना त्यांनी शालूबाईला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता मुकादम ही. ऐका तिचं. न्हाईतर मी वरनं बघते." पाऊस आला नाही. ढग म्हसवडकडं सरकले.

१ एप्रिल

खाणं बंद. घोट-घोट पाणी. विश्वजीतला वाटतं सलाईन लावावं. त्याला समजावलं, शरीर आता ते घेत नाही, उलट छातीत पाणी साठेल. ओठ ओले ठेवा, बोलत राहा, त्या ऐकतात. तो मान खाली घालून म्हणाला, "काय बोलू?" आत पारूबाईंनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "द्राक्षाचं बोल. खरड छाटणी कवा घेतोयस?"

राजनंदिनीला रक्तस्रावाचं शिकवलं. उशाशी गडद रंगाचे टॉवेल ठेवायचे, म्हणजे रक्त दिसून कुणी घाबरणार नाही. दाबून धरायचं, हात सोडायचा नाही, पळापळ करायची नाही. तिनं मरून रंगाचं जुनं लुगडं फाडून घड्या घालून ठेवलं.

५ एप्रिल

पारूबाई गेल्या. दुपारी.

मी दुसऱ्या गावी होते, एका घरी लघवीची नळी बदलत. फोन वाजला तो हात मोकळे झाल्यावर बघितला. पोचले तेव्हा सगळं झालं होतं.

रक्त आलं, पण फार नाही. राजनंदिनीनं लुगड्याची घडी दाबून धरली आणि सासूचं डोकं मांडीवर घेतलं. विश्वजीतनं हात धरला. कुणी ओरडलं नाही, कुणी दवाखान्यात न्या म्हणालं नाही. तो बोलत राहिला, छाटणीचं, पाण्याचं, यंदाच्या बेदाण्याचं. बोलता बोलताच त्यांचा श्वास थांबला. मी गेले तेव्हा तो अजून बोलत होता.

राजनंदिनीनं वेणी घातली होती.

मला आधी वाईट वाटलं ते हे, की मी नव्हते. मॅडमना तसं फोनवर म्हटलं. त्या म्हणाल्या, "नीलिमा, त्यांना तुझी गरज लागली नाही. कळतंय का मी काय म्हणतेय ते?"

तेव्हा कळलं नाही. आता, हे लिहिताना कळलं. परत एकदा रडले, पण हे रडणं वेगळं होतं.

शेड बंद ठेवून सगळ्या बाया आल्या होत्या. खांदा द्यायला पुरुष होते, तरी शालूबाईनं वेशीपर्यंत एक बाजू धरलीच. कुणी काही म्हणालं नाही.

१४ एप्रिल

पारूबाईंच्या दहाव्याला गेले. पिंडाला कावळा लगेच शिवला. शालूबाई म्हणाली, "हिला कुठं थांबायची सवय?"

सगळं आटोपून मी निघत होते. तेवढ्यात बायांमधून एक जण उठून उभी राहिली. ती बैठकीतून पोर घेऊन गेलेली आणि परत न आलेली. ती सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाली, "सिस्टर, माझं सासरं मागच्या पडवीत हायती. जिभेचा कॅन्सर. चार महिनं झालं, कुणाला सांगितलं न्हाई. याल का?"

मी तोंड उघडायच्या आत दुसरीकडून एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या बहिणीचं बी बघा." आणि एक म्हातारी, "माझ्या मालकांचं." एवढी माणसं होती बंद दारांच्या मागं, आणि मी रोज त्यांच्या दारांवरून स्कूटी चालवत जात होते.

राजनंदिनी माझ्याजवळ आली. "रविवारी मी येते संगं," म्हणाली. "अंगणवाडीला सुट्टी असती."

मी मॅडमना विचारलंच नाही. हो म्हटलं.

१९ एप्रिल

पहिलं घर त्याच बाईचं. मी आणि राजनंदिनी स्कूटीवर गेलो. वाटेत तिला सांगत होते, आज पहिल्याच दिवशी माणसाला पडवीतून पुढं आणायचा विषय काढू नको, आधी जखम बघू, घरच्यांचा विश्वास बसू दे, वेळ लागतो.

दारात पोचलो तर पुढच्या सोप्यात, रस्त्याकडं तोंड करून, कॉट. चादर धुतलेली. कॉटवर दाढी केलेले आजोबा, गळ्यापाशी पट्टी, हातात काठी. सून मागं उभी, हातात पाण्याची वाटी आणि चमचा.

"तुमी येणार म्हणून कालच आणलं त्यास्नी म्होरं," ती म्हणाली. "जखम बी धुतली, जमल तशी. बघा बरोबर हाय का."

राजनंदिनी आणि मी एकमेकींकडं बघितलं. मी पिशवी उघडली, हातमोजे चढवले.

आजोबांना बोलायला त्रास होतो. जीभ जड झालीय. तरी त्यांनी काठी उचलून रस्त्याकडं दाखवलं आणि शब्द जुळवत, स्वच्छ तक्रारीच्या सुरात म्हणाले, "म्हसवड गाडी अजून आली न्हाई. कालपास्नं बघतोय. रोज लेट हाय."